बॅलास्ट पिशवीतले पाणी जाते कोठे?

तलावाचे पाणी आरशासारखे स्थिर, नौकेचा वेग ताशी जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर, आणि तिच्या मागे उठलेल्या एकाच लाटेवर हातात दोर न घेता फळीवर उभा राहिलेला तरुण. अमेरिकेतील टेक्सास, मिनेसोटा, फ्लोरिडा अशा राज्यांतील तलावांवर उन्हाळ्याच्या सुट्टीत हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. ‘वेकसर्फिंग’ या नावाने ओळखला जाणारा हा खेळ तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही नवा राहिलेला नाही. सकाळी भरदार असलेली लाट दुपारी मात्र एकाएकी मरगळते. फळीवरचा खेळाडू मागे पडतो, बुडतो. इंजिन उत्तम चालू असते, वेग तोच असतो, चालकही तोच असतो. शोध घेता लक्षात येते, की तासाभरापूर्वी काठोकाठ भरलेली बॅलास्टची पिशवी निम्मी रिकामी झालेली आहे.

हे पाणी गेले कोठे, हा प्रश्न वरवर पाहता श्रीमंतांच्या खेळण्यापुरता वाटेल. अशा नव्या नौकेची किंमत लाखभर डॉलरच्या पुढेच असते, त्यामुळे तसे वाटणे अस्वाभाविकही नाही. परंतु त्याच्या उत्तरावर नौकेतील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. याच पाण्याचा जो अंश पिशवीत मागे उरतो, त्यावर शेजारच्या तलावाचे आरोग्यही अवलंबून असते. म्हणूनच हा विषय थोडा खोलात जाऊन समजून घेण्यासारखा आहे.

बॅलास्ट म्हणजे नौकेला स्थैर्य वा वजन देण्यासाठी मुद्दाम घेतलेला भार. रेल्वेरुळांखालच्या खडीलाही बॅलास्ट म्हणतात आणि ट्यूबलाइटच्या चोकलाही इंग्रजीत तेच नाव आहे. त्यांचा येथे संबंध नाही. पूर्वी शिडाची जहाजे माल नसताना तळात दगड किंवा वाळू भरून निघत. पोलादी जहाजे आली आणि दगडांची जागा पाण्याने घेतली. वेकसर्फिंगच्या नौकेत हेतू थोडा निराळा असतो. येथे नौका स्थिर करायची नसून ती पाण्यात खोल बसवायची असते. नौकेचा मागील भाग जितका खोल रुतेल, तितके अधिक पाणी ती बाजूला सारते आणि तितकी मोठी लाट तिच्या मागे उभी राहते. त्यासाठी आसनांखाली आणि मागील कप्प्यांत जाड पीव्हीसीच्या पिशव्या ठेवून त्यांत तलावाचेच पाणी पंपाने भरले जाते. बाजारात सर्रास मिळणारी एक मोठी पिशवी अकराशे पौंडांची, म्हणजे सुमारे पाचशे किलोची असते. नव्या मोठ्या नौकांत सर्व टाक्या आणि पिशव्या मिळून भार अठराशे किलोंच्याही पुढे जातो. आपल्याकडील जुन्या मारुती-८०० मोटारीचे वजन साधारण साडेसहाशे किलो होते. तशा जवळपास तीन मोटारी नौकेत चढवल्या आहेत, अशी कल्पना केल्यास या पाण्याचे महत्त्व ध्यानात येईल.

हे वजन कोणत्या बाजूस आहे, यालाही अर्थ असतो. ज्या बाजूच्या लाटेवर स्वार व्हायचे, त्या बाजूच्या मागील कोपऱ्यात जास्त पाणी भरून नौका तिरकी करणे, ही जुनी पद्धत. अलीकडच्या नौकांत मागील कडेला हलत्या पट्ट्या बसवून पाण्याचा प्रवाह वळवला जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंस सारखे वजन ठेवूनही लाट घडवता येते. जुनी नौका असो वा नवी, एका पिशवीतून शे-दीडशे लिटर पाणी कमी झाले, तरी लाटेचा आकार बिघडतो आणि चालकास ते सुकाणूवर जाणवते.

गच्चीवरच्या टाकीसारखीच व्यवस्था

या पिशवीची जलवाहिनी समजण्यास अवघड नाही. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत तळटाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि तिला जोडलेला ‘ओव्हरफ्लो’ पाइप असतो. नौकेत तळटाकीच्या जागी प्रत्यक्ष तलाव असतो, एवढाच फरक. नौकेच्या तळाला एक भोक असते व त्यावर आतून बॉल व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तेथून पाणी पंपात आणि पंपातून जाड नळीने पिशवीत जाते. पिशवीच्या वरच्या भागातून एक नळी निघून नौकेच्या बाजूच्या भिंतीत उघडते. पिशवी भरत असताना आतील हवा या वाटेने बाहेर पडते आणि पिशवी भरली की त्याच वाटेने पाणी वाहू लागते. ते वाहताना दिसले की पंप बंद करायचा. रिकामे करण्यासाठी कधी तोच पंप उलटा फिरवला जातो, तर कधी पिशवीच्या तळाशी दुसरा पंप असतो व त्याची नळी बाहेर उघडते.

पंपाचे दोन प्रकार आहेत आणि पाणी नाहीसे होण्याच्या तक्रारीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. पहिल्या प्रकारात लवचीक रबरी पात्यांचे चक्र असते. ते दोन्ही दिशांना फिरते, स्वतःच पाणी ओढून घेते आणि थांबले असता त्याची पाती घराच्या भिंतीला घट्ट टेकून पाण्याची वाट अडवतात. दुसरा प्रकार साध्या केंद्रोत्सारी पंपाचा. तो स्वस्त आणि दणकट असतो. परंतु बंद असताना त्याच्यातून पाणी दोन्ही दिशांना मोकळेपणाने जाऊ शकते. तो पंप आहे तसाच एक उघडा पाइपही आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

तलावात की तळात?

पिशवी रिकामी होताना दिसली, की बहुतेक जण भोक शोधू लागतात. वास्तविक प्रथम विचारायला हवे ते हे, की पाणी नौकेबाहेर गेले की नौकेच्या आतच सांडले? नौकेच्या फरशीखाली तळाशी जी पोकळी असते तिला बिल्ज म्हणतात. गळलेले पाणी तेथे जमते. पण तेथे एक स्वयंचलित पंपही असतो. पाणी ठरावीक पातळीवर आले की तो आपोआप सुरू होतो आणि ते बाहेर फेकून पुन्हा बंद होतो. इंजिनाचा आवाज, गाणी आणि गप्पा यांत त्याची घरघर कोणालाही ऐकू येत नाही. परिणामी पाचशे लिटरची पिशवी फाटून रिकामी झाली, तरी तळ पाहणाऱ्याला तो जवळजवळ कोरडाच दिसतो आणि पाणी ‘हवेत विरले’ असा समज होतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पिशवीतले पाणी बिल्जमध्ये सांडले, म्हणून नौकेचे वजन वाढत नाही. ते पाणी आधीपासून नौकेतच होते. मात्र पिशवीत असताना ते कातड्याने आवळलेले असते. मोकळे झाल्यावर ते नौका जिकडे कलेल तिकडे धावते आणि कल आणखी वाढवते. भरलेली बादली आणि पाणी भरलेले पसरट ताट हातात घेऊन चालून पाहिल्यास हा फरक कळतो. शिवाय इंजिनाच्या तळाशी असलेली विजेची उपकरणे भिजतात, ती हानी वेगळी. तरीही हा धोका मर्यादित आहे, कारण पिशवीत जितके पाणी होते तितकेच सांडणार.

अमर्याद धोका दुसराच आहे. तळाच्या भोकापासून पंपापर्यंतची नळी पाण्याच्या पातळीखाली असते. तिचा क्लॅम्प सैल झाला किंवा नळीला चीर गेली, तर आत येणारे पाणी पिशवीचे नसून तलावाचे असते आणि त्याला अंत नसतो. तसेच पंपापासून पिशवीकडे जाणारी नळी निसटली असताना कोणी पिशवी भरण्याचे बटण दाबले, तर पंप इमानेइतबारे तलावाचे पाणी नौकेच्या पोटात ओतत राहतो. ताशी आठशे गॅलनचा साधा पंपही कागदोपत्री मिनिटाला पन्नास लिटर पाणी आणतो. चालकाला मात्र एवढेच दिसते, की आज पिशवी भरायला नेहमीपेक्षा वेळ लागतो आहे. नौका धक्क्याला बांधलेली असताना अशी गळती सुरू राहिली, तर बिल्जचा पंप बॅटरी आहे तोवर झुंजतो. बॅटरी संपली की पुढे काय होणार, हे सांगावयास नको.

म्हणून पहिली कसोटी रंगाची. ती आपल्याकडील प्लंबरही स्लॅबची गळती शोधताना वापरतात. नौका धक्क्याला बांधून इंजिन बंद करावे. बिल्जमधले पाणी पूर्ण काढून तळ फडक्याने कोरडा करावा. बिल्जचा स्वयंचलित पंप तात्पुरता बंद ठेवून एका माणसाने तेथेच लक्ष ठेवून बसावे. मग एकच पिशवी भरताना तिच्यात खाण्याचा रंग थोडासा मिसळावा आणि पिशवी पूर्ण भरल्यावर तासभर वाट पाहावी. तळात रंगीत पाणी आले, तर गळती पिशवीची किंवा तिच्या जोडांची. तळात स्वच्छ पाणी आले, तर ते तलावाचे. अशा वेळी बॅलास्टचा विचार सोडून ताबडतोब तळाचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि तरीही पाणी येत राहिले तर नौका पाण्याबाहेर काढावी. आणि तळ कोरडा राहूनही पिशवी रोडावली, तर पाणी कोणत्या तरी नळीच्या वाटेने परत तलावात गेले आहे. एका वेळी एकच पिशवी तपासावी. तीन पिशव्या एकदम भरून शोध घेणाऱ्याच्या हाती गोंधळाखेरीज काही लागत नाही. रंगीत पाणी तलावात सोडू नये, ते बादलीत काढून किनाऱ्यावर नेऊन टाकावे.

सायफनची खोड

पिशवी रोडावते पण तळ कोरडाच राहतो, अशा तक्रारींत बहुधा सायफन असतो. पिंपातून रॉकेल काढताना नळी तोंडाने ओढून दुसरे टोक खाली सोडले, की पुढे रॉकेल आपोआप वाहत राही. तोच हा प्रकार. मागील कप्प्यातील पिशवीचा वरचा भाग तलावाच्या पातळीपेक्षा उंच असतो. त्यामुळे पिशवीतून बाहेर जाणारी कोणतीही नळी एकदा पाण्याने पूर्ण भरली आणि तिचे बाहेरचे तोंड पिशवीतील पाण्याच्या पातळीखाली असले, की पंप न चालवताही पाणी बाहेर वाहू लागते.

येथे पिशवी आणि टाकी यांतील एक फरक नडतो. घट्ट भिंतींच्या टाकीतून वरच्या नळीवाटे पाणी ओढले जाऊ लागले, की थोडी पातळी उतरताच नळीचे तोंड उघडे पडते, हवा शिरते आणि सायफन तुटतो. पिशवीच्या बाबतीत असे घडत नाही. पाणी कमी होईल तसे तिचे कातडेच खाली बसते आणि नळीचे तोंड पाण्याला चिकटून राहते. हवेला आत शिरायला जागाच मिळत नाही. हवा जाण्यासाठी ठेवलेली वरची नळी अशा रीतीने पिशवी रिकामी करू शकते. नौका वेग घेताना नाळ वर उचलली जाते, पाणी मागे धावते, वरच्या नळीत शिरते आणि एकदा का प्रवाह जुळला, की पिशवी मुकाट्याने रिती होत राहते. धक्क्यावर तासभर ठणठणीत राहिलेली पिशवी तलावाच्या मध्यावर पंधरा मिनिटांत का उतरते, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

सायफन ओळखण्याची एक खूण आहे. तो पिशवी पूर्ण रिकामी करीलच असे नाही. आतील पाणी आणि बाहेरच्या तोंडाची पातळी समान झाली, की प्रवाह थांबतो. तेव्हा दर वेळी पिशवी जवळपास एकाच उंचीवर येऊन थांबत असेल, तर भोकाऐवजी नळ्यांकडे पाहावे. नेमकी कोणती नळी, हे ठरवण्यासाठी एकेक वाट बंद करून पाहणे हाच मार्ग. पिशवी भरून तळाचा बॉल व्हॉल्व्ह बंद केला आणि पाणी टिकले, तर दोष भरण्याच्या वाटेचा. तो बंद करूनही पाणी उतरले, तर इंजिन बंद असताना बाहेरील बाजूने निचऱ्याचे तोंड रबरी बुचाने बंद करून पाहावे आणि नंतर हवेच्या नळीचे. बुचे काढायला विसरू नये. हवेचे तोंड बंद असताना पंप चालवला, तर पिशवी फुगून आसन उचलते किंवा तिची शिवण उसवते.

उपाय दोष कोठे आहे त्यावर ठरतो. निचऱ्याच्या वाटेवर केंद्रोत्सारी पंप असेल, तर त्याची नळी बाहेर नेण्यापूर्वी शक्य तितकी उंच चढवून उलट्या ‘यू’ आकारात वळवावी आणि त्या वळणाच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवावी. सायफन जुळू लागला की ही झडप उघडते, हवा शिरते आणि प्रवाह तुटतो. हवेच्या नळीलाही हाच इलाज लागू पडतो. अनेक जण या नळीवर केवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून निश्चिंत होतात, पण तो व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत येऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. पिशवी रिकामी करताना हवा न शिरता ती पूर्ण आक्रसावी, यासाठी तो उपयोगी आहे. बाहेर जाणाऱ्या पाण्याला तो अडवत नाही, कारण त्याची दिशाच बाहेरची आहे. दोन्ही हवे असतील, तर पिशवीजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढे उंच वळणावर हवेची झडप, असा क्रम ठेवावा लागतो.

भरण्याच्या वाटेचा दोष असेल, तर संशय रबरी पात्यांवर घ्यावा. ही पाती झिजतात. हिवाळाभर एकाच स्थितीत दबून राहिली, तर वाकडी होऊन बसतात. पाण्याविना पंप थोडा वेळ जरी फिरला, तरी घर्षणाच्या उष्णतेने त्यांच्या कडा जळतात. मग थांबलेल्या पंपातून पाणी हळूहळू मागे झिरपते. चार स्क्रू काढून चक्र बदलणे हे काम तासाभराचे आहे आणि बहुतेक जाणकार ते दर हंगामाला करून टाकतात. भरण्यासाठी केंद्रोत्सारी पंप असेल, तर मात्र पिशवी भरल्यावर तळाचा व्हॉल्व्ह हाताने बंद करण्याची सवय लावून घ्यावी. त्यासाठी पैसे पडत नाहीत, तरीही या उपायाचा कंटाळा सर्वाधिक केला जातो.

तळाच्या तोंडावर काही नौकांत फटी असलेली टोपी बसवतात. तिच्या फटी पुढच्या दिशेस असल्या, तर नौका धावताना पाणी आत रेटले जाते. त्या मागच्या दिशेस असल्या, तर धावत्या पाण्याने ओढ निर्माण होते आणि पिशवीतले पाणी खेचले जाते. नवी टोपी बसवल्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल, तर आधी तिचे तोंड कोणीकडे आहे ते पाहावे.

भोक, शिवण आणि वायसर

रंग तळात उतरला, तर मात्र पिशवी बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. काढण्यापूर्वी ती जेथे टेकली होती ती जागा हाताने चाचपून पाहावी. कप्प्यातून आत डोकावणारे स्क्रूचे टोक, फायबरग्लासची न घासलेली कड, नळीच्या क्लॅम्पचे शेपूट यांपैकी काही ना काही सापडतेच. भरलेली पिशवी लाटांवर क्षणोक्षणी हलते, त्यामुळे एखादी छोटीशी धारही हंगामाअखेर तिला भोक पाडते. हे टोक बोथट न करता केवळ पिशवी सांधणाऱ्याला पुढच्या महिन्यात तेच काम पुन्हा करावे लागते. कप्प्यात रबरी चटई अंथरणे हा साधा आणि चांगला उपाय आहे.

भोक नेमके शोधण्यासाठी पिशवीत हलक्या दाबाने हवा भरून वरून साबणाचे पाणी लावावे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर पाण्याच्या घमेल्यात शोधतात, त्याचीच ही मोठी आवृत्ती. दाब मात्र बेताचाच हवा. हवेचा मोठा कॉम्प्रेसर लावल्यास चांगल्या शिवणीही उसवतात. पंक्चरच्या दुकानातील सोल्यूशन येथे चालत नाही, ते रबरासाठी असते. पीव्हीसीला पीव्हीसीचेच चिकटवण आणि त्याच कापडाचे ठिगळ लागते. लहान भोक असे बुजते. शिवण लांबवर सुटली असेल, तर दुरुस्तीवर वेळ घालवण्यापेक्षा पिशवी बदलणे बरे.

भोकापेक्षाही गळण्याचा संभव अधिक असतो तो जोडांपाशी. नळी पिशवीला जेथे जोडली जाते, तेथे रबरी कडे म्हणजे ओ-रिंग असते. ती हरवलेली, चिरलेली किंवा वाळूचा कण अडकून नीट न बसलेली आढळते. अशा वेळी आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा मोह होतो, पण तेथे पाणी ओ-रिंग अडवते, आटे अडवत नाहीत. टेप कितीही गुंडाळली तरी थेंब थांबत नाही. पाना लावून जोर केल्यास प्लास्टिकचा जोड तडकतो, ते आणखी निराळे. न वापरलेल्या तोंडांवरच्या टोप्यांचे वायसरही याच वेळी पाहून घ्यावेत.

कधी कधी पाणी कोठेच गेलेले नसते, ते आलेलेच नसते. पिशवीत हवेचा मोठा फुगा अडकलेला असतो, पिशवीची घडी नीट उलगडलेली नसते किंवा तळाच्या जाळीत शेवाळ अडकून पंप अर्धेच पाणी आणत असतो. जुन्या नौकांतील दर्शक पाणी मोजतच नाही, तो केवळ पंप किती वेळ चालला हे मोजून ‘पूर्ण’ असे सांगतो. म्हणून दर्शकावर न विसंबता कप्पा उघडून पिशवीवर हात ठेवून पाहणे बरे. भरलेली पिशवी टणक लागते, हवा असलेली हाताखाली दबते.

जे पाणी जात नाही

या साऱ्या खटाटोपात पाणी टिकवण्याची चिंता असते. तलावांची काळजी वाहणाऱ्या यंत्रणांना चिंता आहे ती नेमकी उलटी. पिशवी कितीही रिकामी केली, तरी घड्यांत, नळ्यांच्या खोलगट वळणांत आणि पंपाच्या पोटात काही लिटर पाणी उरतेच. ती नौका ट्रेलरवर चढवून दुसऱ्या तलावावर नेली, की पहिल्या तलावाचे पाणी दुसऱ्यात जाते.

या पाण्यातून काय प्रवास करते, हे अमेरिकेला चांगलेच ठाऊक आहे. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राच्या परिसरातील झेब्रा शिंपला १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरात आढळला. तो आला होता मालवाहू जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून. पुढील काही वर्षांत तो पंचमहासरोवरांत पसरला आणि पाणीपुरवठ्याच्या व वीजकेंद्रांच्या नळांत थर धरून बसला. त्याचाच भाऊबंद असलेला क्वागा शिंपला जानेवारी २००७ मध्ये पश्चिमेकडील मीड सरोवरात सापडला. टेक्सासमध्ये झेब्रा शिंपला २००९ साली टेक्सोमा सरोवरात दिसला आणि २०१७ मध्ये ऑस्टिनजवळच्या ट्रॅव्हिस सरोवरात पोहोचला. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉक्टन बंदराच्या परिसरात सोनेरी शिंपला आढळला. उत्तर अमेरिकेतील ही त्याची पहिलीच नोंद. परक्या शिंपल्यांचा हा उपद्रव आपल्यालाही अपरिचित नाही. मूळचा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला जहाजांच्या वाटेनेच विशाखापट्टण आणि मुंबईच्या बंदरांत येऊन रुजला आहे.

या शिंपल्यांच्या अळ्या मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या असतात. पिशवीच्या ओलसर, अंधाऱ्या, थंड पोटात त्या काही दिवस तग धरू शकतात. नौकेच्या बाहेरील बाजूस चिकटलेला शिंपला तपासनिसाला दिसतो, खरवडून काढता येतो. पिशवीच्या आत डोकावणार कोण? मिनेसोटात तलावातून नौका काढली, की तळाचे बूच काढून पाणी सोडणे आणि रस्त्यावरून नेताना ते बूच काढलेलेच ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. पण तळाचे बूच काढल्याने बिल्ज रिकामे होते, पिशवी नव्हे. व्हर्माँट राज्याने एप्रिल २०२४ पासून अशा नौकांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. त्यांनुसार लाटेवरचे खेळ किनाऱ्यापासून किमान पाचशे फूट दूर आणि किमान वीस फूट खोल पाण्यातच खेळता येतात. त्याखेरीज प्रत्येक नौकेला हंगामापुरता एक ‘घरचा तलाव’ जाहीर करावा लागतो. दुसऱ्या तलावात जायचे असेल, तर आधी नौकेचे निर्जंतुकीकरण करून घ्यावे लागते. बॅलास्टचे पाणी पूर्ण निघत नाही, हे गृहीत धरूनच हा नियम केलेला आहे.

ज्या सायफनने दुपारी लाट बिघडवली, त्याच्या विरुद्ध बसवलेल्या उंच वळणांतही पाणी अडकून राहते, हे नळ्या बदलणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पिशवी रिकामी केल्यावर पंप क्षणभर पुन्हा चालवून पाहावा. पाण्याऐवजी हवेचे बुडबुडे येऊ लागेपर्यंत नौका मागे कलती ठेवावी. शक्य असेल तेथे पिशवीची जोडणी सोडून ती उलटी टांगून वाळवावी. गरम पाण्याने धुण्याची सोय तपासणी नाक्यांवर असते. नौकेच्या बाहेरील बाजूसाठी साठ अंश सेल्सिअसचे पाणी वापरतात. पिशव्यांत आणि पंपांत मात्र ते सुमारे पन्नास अंशांवरच ठेवतात, कारण त्याहून अधिक उष्णता शिंपल्यांप्रमाणेच पंपाच्या रबरी पात्यांनाही सोसत नाही. तापमान कमी म्हणून वेळ अधिक द्यावा लागतो.